चौदा पोती पाणी

"आता पाणी काठाला लागेस्तोवर तोंड उघडायचं न्हाई," आत्या म्हणाल्या, आणि त्यांनी गॅलरीचं दार ओढून आतून कडी घातली.

मी मान हलवली. खरं तर मला हे सांगायची काही गरज नव्हती. लग्न होऊन त्या घरात मला सात महिने झाले होते आणि सात महिने मी तोंड न उघडण्याचंच काम करत होते. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात आणि सासऱ्यांना मामंजी. 'हो आत्या', 'वाढू का मामंजी', 'झाकलंय आत्या', एवढ्या भांडवलावर माझा संसार चालला होता.

त्यालाही कारण होतं. लग्नाआधी मी इस्लामपुरात एका इंजिनियरच्या ऑफिसात घरांचे नकाशे काढायचे. सिव्हिलचा डिप्लोमा आणि तीन वर्षांची नोकरी, त्यामुळे जीभ अंमळ सैलच होती. एक चांगलं स्थळ आलं, बोलणी होत आली, आणि मी त्यांच्या घरी गेले तेव्हा मुलाच्या वडिलांना सांगून बसले, की तुमच्या जिन्याची शेवटची पायरी बाकीच्यांपेक्षा दोन इंच उंच आहे, कुणीतरी आपटेल. पंधरा दिवसांत निरोप आला, मुलगी फार शहाणी आहे. पुढं त्यांच्याच एका पाहुणीनं त्या पायरीवरून पडून हात मोडून घेतला म्हणे. पण मोडलेलं लग्न मोडलेलंच राहिलं. म्हणून कराडच्या पिसाळांकडं ठरलं तेव्हा आईनं माझा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला. "वैजू, एक वर्ष. भिंत पडली तरी बोलायचं नाहीस."

बिचारी आपलं बोलायची रीत म्हणून बोलली.

त्र्याण्णव सालच्या थंडीतली ही गोष्ट. आमचं घर म्हणजे खाली खताचं गोडाऊन आणि वर आम्ही राहायला. हॉलचाच स्लॅब पूर्वेला चार फूट बाहेर काढून गॅलरी केलेली. खालून तिला ना खांब, ना भिंत. माझ्या लग्नाच्या आधल्या वर्षी ह्यांनी ती बंद करून घेतली होती. कडेनं विटांची अर्धी भिंत, वर लोखंडी जाळी आणि सरकत्या काचा, डोक्यावर पत्रा. पत्र्याचे लोखंडी अँगल एका बाजूनं गॅलरीच्या खांबड्यांना आणि दुसऱ्या बाजूनं सरळ दाराच्या चौकटीतच ठोकले होते. धुण्याचा नळ तेवढा राहिला. पाणी जायचं भोक मात्र फरशीखाली बुजवून टाकलं, कारण आता ती खोली झाली होती आणि खोलीत मोरी बरी दिसत नाही.

त्या खोलीच्या उत्तरेकडच्या टोकाला, लोखंडी घोडीवर, चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच असा माशांचा काचेचा टँक उभा होता. त्याचं मूळ होतं माझा धाकटा दीर, जयसिंग. अडीच वर्षांपूर्वी मामंजींशी वाजलं आणि तो घर सोडून गेला. त्याला खताच्या दुकानात बसायचं नव्हतं, गॅरेज काढायचं होतं. मामंजी म्हणाले, पुन्हा या उंबऱ्यात पाय ठेवू नकोस. त्यानं तो शब्द पाळला. पत्र नाही, निरोप नाही. घरात त्याचं नाव कुणी काढत नसे, पण सणाला आत्या पुरणपोळी एक जास्त करायच्या आणि दुसऱ्या दिवशी गाईला घालायच्या.

मग कुणीतरी वास्तूवाल्या अण्णांना घरी आणलं. त्यांनी होकायंत्र फिरवून सांगितलं, तुमची ईशान्य कोरडी आहे. तिथं पाणी भरा, त्यात दहा सोनेरी मासे आणि एक काळा सोडा, गेलेलं माणूस उलट्या पावली येईल. शुक्रवारी सकाळी दहा ते अकरा, घरातल्या दोन लक्ष्म्यांनी दार लावून पाणी भरायचं आणि टँक काठाला लागेपर्यंत मौन पाळायचं.

आता गंमत बघा. घराच्या मूळ नकाशात तो ईशान्य कोपरा घरात नव्हताच, तो हवेत होता. गॅलरी बंद केली तेव्हा कुठं तो घराला मिळाला. हे मला कळत होतं. अण्णांचं बोट तिकडं गेलं तेव्हाच मी सांगायला हवं होतं. पण आत्यांचा चेहरा मी बघितला. अडीच वर्षांत त्या चेहऱ्यावर काही उजळलं असेल तर ते त्या दिवशी. आणि वर आईच्या डोक्यावर ठेवलेला हात.

तर आम्ही दोघी आत. हिरवा पाइप नळाला लावलेला, त्याचं दुसरं टोक टँकमध्ये. मासे प्लॅस्टिकच्या पिशव्यांत, पिशव्या बादलीत. आत्या पाटावर बसून माळ ओढत होत्या. मी उंबऱ्यापाशी उभी होते आणि पाण्याकडं न बघता खाली फरशीकडं बघत होते.

उंबऱ्याला लागून, गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक केसाएवढी चीर होती. तीन दिवसांपूर्वी हमालांनी टँक आणि दगडगोटे वर आणले, त्या दिवशी ती मला दिसली. कुणी नसताना मी शिसपेन्सिलीनं तिच्यावरून दोन आडव्या रेघा मारल्या आणि शेजारी बारीक अक्षरात तारीख घातली. ऑफिसातली सवय. चीर वाढली तर रेघ तुटते. मग रात्री राहवेना म्हणून कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागं हिशेब केला. पाणी साडेचार क्विंटल, काच एक, गोटे आणि घोडी मिळून सव्वा. सगळे मिळून सातच्या घरात. गॅलरीच्या ज्या टोकाला माणसानं फार तर उभं राहून केस विंचरावेत, तिथं कायमचे सात क्विंटल. ते पान मी स्वयंपाकघरातल्या फळीवर, डब्यांखाली उपडं अंथरून टाकलं.

अशा गॅलरीचा सगळा जीव तिच्या सळईत असतो. आपण हात पुढं करून भरली कळशी धरली की ताण खांद्याच्या वरच्या अंगाला येतो, तसंच. सळई वरच्या अंगाला हवी. आणि आमच्याकडचे गवंडी काँक्रीट ओतताना तिच्यावर नाचून तिला खाली बसवतात. आमच्या गॅलरीत ती कुठं होती देव जाणे.

पाणी चढत गेलं. पावणेअकरा झाले असतील. काठाला तीन बोटं राहिली होती.

तेवढ्यात पायाखाली आवाज झाला. मोठा नाही. अडकित्त्यात सुपारी फुटावी एवढाच.

मी वाकून बघितलं. पेन्सिलीची रेघ तुटली होती. तिची दोन टोकं आता एकमेकांना भेटत नव्हती, मधल्या फटीत चार आण्याचं नाणं उभं राहिलं असतं.

मी नळ बंद केला.

आत्यांनी डोळे वटारले. ओठांवर बोट ठेवलं, उठल्या आणि नळ परत चालू केला. मी बंद केला. त्यांनी माझ्या हातावर चापट मारली आणि चालू केला. बाहेरून कुणी बघितलं असतं तर वाटलं असतं, दोन मुक्या बाया नळावर भांडतायत. मी खाली चिरेकडं बोट दाखवलं. त्यांनी तिकडं बघायचंच नाकारलं आणि डोळे मिटून माळ ओढू लागल्या.

मग दुसरा आवाज झाला आणि तो डोक्यावरून आला. पत्र्याचा अँगल कण्हला. दाराची चौकट करकरली. मधल्या फरशीचा एक टवका उडून माझ्या पायावर आला.

"आत्या, बास," मी म्हणाले. "पाणी बास."

त्यांच्या हातातली माळ थांबली. "मोडलंस," त्या म्हणाल्या. रागानं नाही, अगदी खोल आवाजात. "तीन बोटं राहिली होती गं. मोडलंस."

मी नळ बंद केला, त्यांना हाताला धरून उंबऱ्याशी आणलं आणि दाराची कडी काढली. दार आत, गॅलरीतच उघडायचं. मी ओढलं. हललं नाही. दोन्ही हातांनी, भिंतीला पाय लावून ओढलं, तरी नाही. मग वर बघितलं. गॅलरी बाहेरून खाली दबली होती, तिनं अँगल ओढले होते आणि अँगलांनी चौकटीचा वरचा कोपरा बाहेर ओढून दार चावल्यासारखं घट्ट धरलं होतं. म्हणजे आता ती चौकटच गॅलरीला धरून होती. ते दार कुणी जोरात उघडलं, चौकट निखळली, की टँक, आम्ही आणि अकरा मासे, सगळे एकदमच खाली.

खाली मामंजी होते. रोज सकाळी ते गॅलरीखाली बाज टाकून उन्हात पेपर वाचायचे. त्यांना कमी ऐकू यायचं. कानाचं मशीन होतं, पण ते ते शर्टाच्या खिशात ठेवायचे, कानात खाजतं म्हणून. मी जाळीला तोंड लावून चार हाका मारल्या. त्यांनी पेपरचं पान उलटलं. रस्त्यावरही कुणी नाही. हे सकाळीच पुण्याला खताच्या कंपनीच्या मीटिंगला गेलेले.

"आत्या, इथंच उंबऱ्यावर बसा. टोकाकडं जाऊ नका. मी पाणी काढते."

मी पाइप नळापासून सोडवला. पाइप पाण्यानं भरलेलाच होता, त्याच्या तोंडावर अंगठा दाबून धरला. हे टोक जाळीतून खाली सोडलं की टँकमधलं पाणी आपोआप ओढलं जाणार. आत्यांनी माझं मनगट धरलं. त्यांचे हात खताची पोती मोजून मोजून राकट झालेले, सुटेना.

"न्हाई काढायचं पाणी."

"आत्या, गॅलरी चालली."

"जाऊ दे कुठं जायची तिथं. पाणी काढलं तर तो यायचा न्हाई."

मला एकदम राग आला. सात महिन्यांचा सगळाच आला म्हणा ना. "गॅलरी गेली तर येतील की भाऊजी," मी म्हणाले. "नक्की येतील. पण मातीला येतील. तुमच्या आणि मामंजींच्या."

मनगट त्यांनी सोडलं नाही.

"मामंजी खालीच बसलेत, आत्या. बघा. या टँकच्या बरोब्बर खाली. किती वजन आहे इथं माहीत आहे? तुमच्या युरियाची चौदा पोती. चौदा. तुम्ही कधी एक पोतं तरी वर चढवू दिलंत का हमालाला? खालच्या खाली थप्पी लावायला सांगता. मग चौदा पोती गॅलरीच्या टोकावर ठेवाल?"

त्या बाईनं तीस वर्षं गोडाऊन सांभाळलं होतं. टँक, लिटर, ईशान्य, यातलं काही तिच्या डोळ्यांपुढं वजन म्हणून उभं राहत नव्हतं. पोतं राहत होतं. त्यांनी टँककडं बघितलं, मग जाळीतून खाली मामंजींच्या टोपीकडं बघितलं, आणि मनगट सोडलं.

मी पाइप जाळीतून खाली सोडला आणि अंगठा काढला. पाणी सुटलं. बरोबर मामंजींच्या टोपीवर.

ते तडक उठले. पेपर झटकला, वर बघितलं आणि जे काही बोलायला लागले ते इथं लिहिण्यासारखं नाही. मी दोन्ही हातांनी 'लांब व्हा, लांब व्हा' अशा खुणा केल्या. त्यांना वाटलं सून हात हलवून हसतेय. ते बाजेवरून बाजूला झाले खरे, तेवढ्यापुरता माझा जीव भांड्यात पडला, पण ते निघाले जिन्याकडं.

"वर येतायत," आत्या म्हणाल्या.

"आत्या, ते दार ढकलतील. चौकट गेली की संपलं."

जिन्यावर चपला वाजल्या. हॉलमधून त्या जवळ आल्या. मग दारावर पहिली थाप पडली. चौकटीतून सिमेंटची भुकटी आमच्या केसांत पडली.

"काय चाललंय आत? म्हातारा माणूस खाली बसलाय, कळत न्हाई? दार उघडा."

"मामंजी, हात लावू नका, दार पडेल," मी ओरडले. सात महिन्यांत त्यांनी माझा आवाज कधी वरच्या पट्टीत ऐकला नव्हता आणि आताही ऐकलाच नाही. दुसरी थाप. मग त्यांनी खांदा लावला. वरचा अँगल इंचभर सरकला आणि टँकमधलं पाणी डचमळून फरशीवर सांडलं. मी आत्यांना घट्ट धरलं होतं. त्यांनी मला धरलं होतं म्हटलं तरी चालेल. एवढीशी ती जागा, चार फुटांवर मृत्यू घोडीवर मांडून ठेवलेला, आणि वाचवायला आलेलाच माणूस आम्हाला मारणार होता.

"अहो," आत्या म्हणाल्या. "अहो, ऐका की."

बाहेर ते दोन पावलं मागं सरकल्याचं ऐकू आलं. जोरात धडक द्यायला माणूस सरकतो तसं.

तेव्हा आत्यांनी दाराच्या फटीला तोंड लावलं आणि सगळ्या छातीनं हाक मारली. "आनंदराव पिसाळ, दाराला हात लावायचा न्हाई."

बाहेर सगळं थांबलं.

पस्तीस वर्षांच्या संसारात त्या बाईनं नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. उखाण्यातसुद्धा 'सावित्रीचा पती' असं स्वतःचंच नाव घालून वेळ मारून न्यायच्या. रेशनकार्डावरचं नाव शेजारणीकडून सांगायला लावायच्या. बहिऱ्या माणसाच्या कानात आणखी काही शिरलं नसेल, पण ते शिरलं.

मग दारापलीकडून बारीक आवाज आला. "काय म्हणालीस?"

"मशीन लावा कानात," आत्या म्हणाल्या, "आणि सून काय सांगती ते ऐका."

मी सांगितलं. गॅलरी तुटलीय, दार तिला धरून आहे, पाणी निघेपर्यंत कुणी दाराला शिवायचं नाही. खालची बाज काढा आणि तिथं कुणाला उभं राहू देऊ नका. मग स्लॅब ओतताना खाली लावतात तसे वासे आणि दोन गवंडी आणा, खालून टेकू लावायला.

"हा आवाज कुणाचा?" मामंजींनी विचारलं.

"सुनेचा," आत्या म्हणाल्या. "दुसरा कुणाचा असणार?"

"हं," ते म्हणाले, आणि खाली गेले.

मग आम्ही दोघी उंबऱ्याला चिकटून बसून राहिलो. हलायचं नाही, उठायचं नाही. टँकमधलं पाणी बोटबोट उतरत होतं. चार आण्यांची फट आता वाढत नव्हती, मी दर मिनिटाला बघत होते. घसा सुकला होता आणि समोर साडेचारशे लिटर पाणी. अशा वेळी हसू येतं, पण आलं नाही.

निम्मं पाणी गेल्यावर आत्या म्हणाल्या, "चौदा पोती. ते मी वाचलं होतं."

"कुठं वाचलं?"

"कॅलेंडरचं पान. परवा दळणाचा डबा काढताना उलटलं. खाली तू लिहिलं होतंस, 'म्हणजे १४ पोती?' आणि पुढं प्रश्नचिन्ह. आकडे येतात मला. उंबऱ्यावरची तारीख पण बघितली."

"मग?" मी म्हणाले. "मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तू बोलली न्हाईस म्हणून. म्हटलं, शिकलेली पोर आहे, खरंच काही असतं तर गप बसली असती का? प्रश्नचिन्ह पुसून टाकलं असेल तिनं मनातून."

म्हणजे मी त्यांच्या भीतीनं गप्प होते आणि त्या माझ्या गप्प बसण्याच्या भरवशावर. दोघींच्या मध्ये चौदा पोती आणि खाली एक म्हातारा. मला रडूच आलं. आईला दिलेलं वचन, जिन्याची ती पायरी, सगळं त्यांना सांगून टाकलं. रडत, नाक ओढत, भडाभडा.

ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "दोन इंच?"

"दोन इंच."

"मग पडणारच की माणूस," आत्या म्हणाल्या. त्यांनी पदरानं माझं तोंड पुसलं. "तो गेला त्या दिवशी मी मोरीत भांडी घासत होते. सगळं ऐकू येत होतं. उंबऱ्यात पाय ठेवू नकोस म्हणाले ते पण. मला वाटलं, आता बाहेर जावं. पातेलं घासतच राहिले. ते पातेलं एवढं घासलं, एवढं घासलं. बाहेर आले तर तो एस्टी स्टँडला पोचला होता."

"भाऊजी कुठं असतात, कळलं नाही कधी?"

त्यांनी मान खाली घातली. "नगरला. पत्ता हाय माझ्याकडं. देव्हाऱ्यात, कुंकवाच्या डबीखाली. त्याच्या दोस्तानं दिला, दीड वर्ष झालं."

"दीड वर्ष पत्ता आहे आणि तुम्ही..." मी टँककडं बघितलं.

"आधी त्यानं लिहावं असं वाटायचं," त्या म्हणाल्या. "आईनं कसं आधी लिहायचं?"

खालून वासे ठोकल्याचा आवाज यायला लागला. टँकच्या तळात चार बोटं पाणी राहिलं, पाइप हवा ओढून गुरगुरला आणि थांबला. पाऊण तासानं गवंड्यानं बाहेरून शिडी लावून, पत्रा उचकटून अँगल करवतीनं कापले आणि दार बिजागऱ्यांवरून अलगद उतरवलं. आधी मी आत्यांना पुढं केलं. त्या हॉलमध्ये उतरल्या आणि मागं वळून म्हणाल्या, "बादली घे गं. मासे राहिले."

मामंजी ओल्या टोपीनं उभे होते. त्यांनी बायकोकडं बघितलं, मग माझ्याकडं. "सगळ्या गल्लीत माझं नाव घेतलंस," ते म्हणाले. आत्या सरळ देवघरात गेल्या.

दुपारी त्यांनी मला स्वयंपाकघरात बसवून पत्र लिहायला लावलं. "लिही. चिरंजीव जयसिंगास अनेक आशीर्वाद. घरची गॅलरी पडायला आली होती. बाकी ठीक." मग बराच वेळ त्या चुलीपुढची जागा पुसत राहिल्या. मी पेन धरून बसले. "आणि लिही, की त्या दिवशी मी मोरीत होते. बाहेर आले न्हाई. तेवढं लिही."

आठ दिवसांनी गॅलरी पाडली. सळया निघाल्या त्या सगळ्या खालच्या अंगाला, वर एकही नाही. हे परत आले तेव्हा त्यांनी टँक विकायचं काढलं. आत्या म्हणाल्या, "मासे कुठं जातील? वैजू, कुठं ठेवायचा ते तू सांग." सगळ्यांसमोर. मी सांगितलं, हॉलच्या आतल्या भिंतीला लागून, जिथं खाली गोडाऊनची दगडी भिंत उभी आहे आणि वरून बीम गेलाय, त्या बीमला आडवा. घोडीच्या पायांखाली जाड सागाची फळी घाला, म्हणजे वजन पसरेल. पाणी आज एक वीत, उद्या एक वीत, असं भरायचं आणि दार उघडं ठेवून. वास्तूवाले अण्णा येऊन बघून गेले, म्हणाले, ही तर नैर्ऋत्य, इथं पाणी म्हणजे घात. आत्यांनी त्यांना चहा दिला आणि सांगितलं, "असू दे. तिथं बीम हाय."

पत्र टाकल्यापासून अठराव्या दिवशी जयसिंगभाऊजी आले. हातात एक पिशवी, नखांत ऑइल. उंबऱ्याबाहेरच थांबले. मामंजी पेपर वाचत होते, कानात मशीन होतं. पेपर खाली न करता म्हणाले, "चपला आत काढ. बाहेर कुत्री नेतात."

ते आत आले. आत्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, हात पिठानं भरलेले, पदर तसाच खोचलेला. या खेपेला त्या बाहेर आल्या होत्या. भाऊजींना कुठं बघावं सुचेना, म्हणून त्यांनी टँककडं बघितलं. दहा सोनेरी आणि एक काळा.

"हे काय खूळ काढलंय?" ते म्हणाले. "एवढा मोठा टँक कशाला आणला?"

मी तोंड उघडणारच होते. आता त्या घरात मला कुणाची बंदी राहिली नव्हती. पण आत्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं.

"शोभेला आणलाय," आत्या म्हणाल्या.

"हो," मी म्हणाले. "शोभेलाच."